मळ्याच्या ताटलीमागे आत्याबाई

१२ जानेवारी २०२५, रविवार

झालं एकदाचं मामंजींचं वर्षश्राद्ध! पंगती उठल्या, मांडववाला भांडी घेऊन गेला, आणि आता कुठे मी पाठ टेकली. मामंजी जाऊन वर्ष झालं हे अजून खरं वाटत नाही. विहिरीवरची मोटर चालू झाली की वाटतं, तेच बटण दाबून आले असतील.

पुण्याहून धाकटे दीर कल्याण भाऊजी आले, त्यांची बायको धनश्री आली, आणि या वेळी धनश्रीची आईसुद्धा. बाई पहिल्यांदाच देवळालीला आल्या. हॉलमध्ये शिरल्या आणि छताला टांगलेल्या दिव्यांकडे बघतच राहिल्या. "अगं, हे तर राजवाड्यात राहतात," असं लेकीला हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, बसा की सोफ्यावर. बसल्या तर प्लॅस्टिक करकरलं. सोफा आणून सहा वर्षं झाली, प्लॅस्टिक तसंच आहे, कारण त्यावर बसतंय कोण? आम्ही सगळे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चूल तिथे, भाकरी तिथे, यांचं जेवण तिथे, सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, बाज तिथे. बंगल्यात आम्ही जातो ते फरशी पुसायला आणि झोपायला.

दारात मोठी गाडी उभी आहे, ती लग्नकार्याला निघते. एरवी हे मोटारसायकलवर, मागे गवताचा भारा. पहाटे मी गोठ्यात असते, बारा गाई, हातापायाला शेणाचा वास, तो कुठल्याच साबणाने जात नाही. आमची अश्विनी संगमनेरला हॉस्टेलला आहे, तिच्या मैत्रिणी तिला बागायतदारीण म्हणून चिडवतात. रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव ऐकून धनश्रीच्या आईचे डोळे पांढरे झाले. पण भाव काय चुलीवर शिजवायचा? तो विकणाऱ्यासाठी. आम्ही विकत नाही, म्हणजे आम्ही श्रीमंत फक्त लोकांच्या तोंडात!

जेवणं झाल्यावर आसाराम मामांनी विषय काढलाच. मामा म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, तिसगावचे. वरीस झालं, आता पोरांचं वाटून टाका, न्हाईतर पुढं मनं फाटत्यात, असं म्हणाले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळ मी भाजले, आत्याबाईंनी परत भाजले. म्हणे कच्चे होते. कच्चे नव्हते! चोवीस वर्षं माझं सगळं यांना कच्चंच लागतं. मी घासलेलं पातेलं परत घासायचं, मी घातलेलं मीठ परत चाखायचं. आणि वर "माझ्या सुनेचा हात लई चांगला" असं बायांना सांगायचं, ते मला कधी ऐकू येऊ द्यायचं नाही.

हळदीकुंकवाला धनश्रीने व्हिडिओ कॉल केला. मागचं आवार दाखवायला लावलं. विहिरीपलीकडे केवढी जागा आहे ना ताई, असं म्हणाली, तिथे छोटा स्विमिंग पूल काय मस्त होईल, शनिवार-रविवार सगळे येऊ. मी हसले. तिथे माझा गोठा आहे!

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी आत्याबाई झोपल्यावर यांनी विषय काढला. सव्वीसला रविवार आहे, भाऊजींना सुट्टी, मामा येणार. अमावस्येच्या आत उरकायचं.

आमच्याकडे रीत अशी की वाटे पाडायचे थोरल्याने आणि आधी उचलायचे धाकट्याने. म्हणजे थोरल्याच्या मनात खोट असली तर ती त्याच्याच पदरात पडते. जमीन अठरा एकर. दोन तुकडे सरळच आहेत. एक मळा: विहीर, बंगला, गोठा, आणि काळी, भुसभुशीत जमीन. दुसरा रस्त्याकडचा: घर नाही, विहीर नाही, पाटाच्या पाण्यावर सगळं, पण भावाला सोनं. शहरात राहणारा माणूस रस्ताच उचलेल असं हे धरून चालले होते. नणंद नाही, तेव्हा दोघांचंच गणित.

मी त्यांना स्विमिंग पूल सांगितला. यांचा चेहराच उतरला. मळ्याशिवाय हे काय करतील? सकाळी उठून कुठे जातील? लग्न होऊन आले तेव्हा तिथे पाचटाचं छप्पर होतं. विहीर खोल करायचं काम चाललं तेव्हा अश्विनी पोटात होती, तरी मी मजुरांच्या भाकरी थापल्या. धनश्रीने सुट्टीला येऊन हुरडा खाल्ला. तो मळा माझा आहे. कागद काही म्हणो.

आणि मग मीच बोलले. म्हटलं, जो मळा घेईल त्याने आत्याबाईंना सांभाळायचं, असं टाका वाट्यात. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांना ते जमणार नाही. रस्ता उचलतील आणि सुटतील.

हे म्हणाले, "तशी ती आपल्याकडेच राहणार आहे ना. मग लिहिलं काय, न लिहिलं काय."

तेच तर! वाईट काय आहे त्यात?

२१ जानेवारी, मंगळवार

मळ्यातल्या उसाला तोड आली. टोळी पाथर्डीकडची. त्यातली एक बाई आत्याबाईंच्या माहेरच्या शिवारातली निघाली. आत्याबाईंनी तिला बोलावून चहा दिला, माझी चांगली साडी विचारल्याशिवाय देऊन टाकली. मी भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, मी इकडं सून म्हनून आले न्हाई तर आज तिच्या जागी मीच असते. असं बोलल्यावर माणसाने पुढे काय भांडायचं!

२६ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी शेडमध्ये सतरंजी टाकली. मामा मधे बसले. दोन ताटल्या ठेवल्या. एकीत मळ्यातली माती, दुसरीत रस्त्याकडच्या रानातली, दोन्हींवर सुपारी. धाकट्याने एक ताटली उचलायची आणि कपाळाला लावायची, एवढंच. त्यानंतर फिरवाफिरव नाही.

यांनी वाटे सांगितले. मळ्यासोबत बंगला, गोठा, विहीर आणि आईचा सांभाळ. शेवटचं सांगताना यांनी सतरंजीचा कोपरा सरळ केला. मामांनी भुवया उडवल्या. सांभाळाचीही काहीतरी खूण पाहिजे म्हणून त्यांनी आत्याबाईंना हाक मारली आणि मळ्याच्या ताटलीमागे बसायला सांगितलं. आत्याबाईंना आधी कळलंच नाही. इथं का म्हनून, असं विचारत विचारत बसल्या. पदर सारखा केला. मग ताटलीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चुलीत लाकूड सारायला लागले.

धनश्री भाऊजींच्या कानाशी काहीतरी म्हणत होती. "रोड" हा शब्द मला ऐकू आला. भाऊजी उठले, रस्त्याच्या ताटलीकडे गेले. माझा जीव भांड्यात पडला. वाकले. तिथेच दोन क्षण थांबले. समोर आत्याबाई बसलेल्या, हात मांडीवर, नजर जमिनीकडे.

आणि त्यांनी मळ्याची ताटली उचलली.

धनश्रीचं तोंड उघडंच राहिलं. मामा म्हणाले, झालं, गोड करा. मी साखर आणायला आत गेले ती हॉलमध्ये जाऊन त्या सोफ्यावर बसले. पहिल्यांदाच बसले. रडायला तीच एक जागा होती.

२७ जानेवारी, सोमवार

आत्याबाई जेवल्या नाहीत. सोमवार म्हणाल्या. त्या सोमवार धरत नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

संताप संताप होतो आहे. गोठ्यात गेले की गाईंशी बोलते, तुमचं काय करू गं बायांनो? रस्त्याकडे पत्र्याची एक खोली आहे, मोटर ठेवायची. तिथे राहू? हे म्हणतात, बांधू हळूहळू. यांचं "हळूहळू" मला माहीत आहे. बाथरूमला दार बसवायला चार वर्षं लागली होती.

भाऊजींचा राग येतो. तुम्हाला उसातला आणि गुरांच्या घासातला फरक कळतो का? मळा काय फोटो काढायला पाहिजे होता? पुण्यात सगळं आहे की तुमच्याकडे! लिफ्ट आहे, बाग आहे, तो पूलसुद्धा आहे.

आणि स्वतःचा राग येतो तो वेगळाच. शहाणपणा मीच केला होता. यांनी साधे दोन वाटे पाडले असते तर धनश्रीनेच त्यांना रस्ता घ्यायला लावला असता. मीच मधे माणूस आणून बसवलं.

आत्याबाईंशी तीन दिवसांत भांडण झालेलं नाही. भाजी खारट झाली तरी खाल्ली.

२ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी एकटेच आले. यांच्याशी बोलतील वाटलं, पण सरळ मागे शेडमध्ये येऊन माझ्यासमोर पाटावर बसले. आत्याबाई गोठ्यात होत्या. मी भाकरी थापत होते, वर बघितलंच नाही.

म्हणाले, "वहिनी, मला मळा नको होता. मी रस्ताच उचलायला गेलो होतो."

मी म्हटलं, मग अडवलं कोणी?

"आईला ताटलीमागे बसवलं होतं तुम्ही. मी तिच्यासमोर दुसरी ताटली उचलली असती, तर त्याचा अर्थ काय झाला असता? मला जमीन पाहिजे, तू नको, हाच ना?"

भाकरी तव्यावर करपली. मला ती उलटायचं सुचलंच नाही.

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं! आम्ही जमिनीचा विचार केला, त्यांच्या फ्लॅटचा केला, धनश्रीच्या स्वभावाचा केला. लेकाला आईसमोर निवड करायची आहे, हे एवढंच कोणाला दिसलं नाही. आणि धाकट्या माणसाने भरल्या घरात आमची लाज झाकून घेतली. मला वाटलं होतं, तो आम्हाला लुबाडतोय.

पुढे म्हणाले, मळा तुम्हीच ठेवा, मी रस्ता घेतो, तसंच वाटणीपत्र करू. मामांना मी सांगतो. फक्त आई माझ्याकडे राहील. कारण ताटली उचलली तेव्हा मी तिला उचललं होतं. आता ते मी फिरवणार नाही.

हे दारातून ऐकत होते, आत येऊन यांनी भावाला मिठी मारली. दोघं रडले. मी करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली. मळा माझाच राहिला. नाचायला पाहिजे होतं मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

आत्याबाईंची पिशवी भरायला घेतली. पाच लुगडी, औषधं, मामंजींचा फोटो, कुंकवाचा रिकामा करंडा. विधवा बाईला करंडा कशाला, असं मनात आलं, विचारलं नाही. त्या बाजेवर बसून बघत होत्या. मी म्हटलं, तिकडे आराम मिळेल आत्याबाई, गरम पाणी नळाला, गुडघ्यांना बरं.

त्या म्हणाल्या, "मला कुंपनाला लावली व्हय गं तू? शेरडं आत येऊ न्हाईत म्हनून?"

रागाने नाही. अगदी साधं विचारल्यासारखं. मी लुगड्याची घडी तीनदा मोडली. त्यांनी ती हातातून घेतली आणि स्वतः घातली, कारण मी घातलेली त्यांना पटत नव्हती. मला तेवढ्यातही हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या. मोठ्या गाडीतून. लग्न नसताना ती गाडी पहिल्यांदाच निघाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पातेलं मी घासते, ते तसंच राहतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मला करमत नाही. इथे लिहिते, कोणाला सांगणार नाही. एवढी बोलणी खाल्ली, एवढे टोमणे, आणि आता शेडमध्ये जेवायला बसलं की घास खाली जात नाही. हे आणि मी समोरासमोर. आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलायचो ते आठवेना. बोलायचो ते आत्याबाईंबद्दलच. घरची देशी गाय दूध आखडते आहे. ती त्यांच्याच हाताला सोडायची.

धनश्रीचा फोन आला होता. ती वाईट नाही, मीच तिला पूलवाली करून ठेवलं होतं. म्हणाली, ताई, आई दिवसभर बाल्कनीत बसतात, खाली बघतात, आणि मला विचारतात, इथल्या लोकांचं रान कुठे असतं? मी त्यांना काय सांगू? तिने त्यांच्यासाठी बाजरीचं पीठ शोधून आणलं. भाकरी फुगली नाही, तरी आत्याबाईंनी नावं ठेवली नाहीत म्हणे. हे ऐकून मला काळजीच वाटली.

यांना म्हटलं, परत आणू या का? हे म्हणाले, कल्याणचा मान आहे त्यात, आणि लोक म्हणतील जमीन गिळली आणि आता आईसुद्धा ओढतात. खरंच आहे. आपणच विणलेलं जाळं, आता कुठून सोडवायचं?

वकिलाने चोवीस तारीख दिली. राहुरीला सह्या. आईंचा अंगठा लागेल, तेवढं त्यांना घेऊन या, बाकी त्यांचं काही काम नाही, असं म्हणाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सह्या झाल्या नाहीत.

भाऊजींनी आत्याबाईंना पुण्याहून थेट कचेरीत आणलं. त्या वाळल्यासारख्या दिसल्या. मला बघितल्यावर माझ्या साडीची निरी नीट केली, चारचौघांत. आमचा नंबर लागला. साहेब तरुण होता, कागद वाचून त्याने मान वर केली आणि सरळ आत्याबाईंना विचारलं, "आजी, तुमच्या मालकांच्या मागे तुम्ही आणि ही दोन मुलं, असे तिघं वारस. यात तुमचा तिसरा हिस्सा आहे. तो तुम्ही राजीखुशीने सोडताय ना?"

आत्याबाईंनी त्याला परत विचारलं. त्याने परत सांगितलं. मग त्यांनी एकेकाकडे बघितलं. हे खाली बघत होते, भाऊजी खाली बघत होते, वकील पेन शोधत होता. आम्ही त्यांना वाट्यात घातलं होतं. त्यांचाही वाटा असतो, हे आमच्यापैकी एकानेही त्यांना सांगितलं नव्हतं. मला माहीत नव्हतं असं लिहावंसं वाटतं, पण वारसनोंदीच्या फेरफाराला तिन्ही नावं मी वाचली होती.

"न्हाई सोडत," आत्याबाई म्हणाल्या. "इहीर आन् घर माझ्या हिश्श्यात लिवा. पोरांनी राहिलेलं वाटून घ्यावं."

बोटाला लावलेली शाई त्यांनी पदराला पुसली आणि बाहेर येऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. कोणाच्या गाडीत बसायचं ते त्यांनी कोणाला विचारलं नाही. आमच्या गाडीत बसल्या.

घरी आल्यावर त्या बाजेवर टेकल्या. मी शेडच्या दारात उभी राहिले. आत जावं की नाही कळेना. त्यांचं घर आहे ते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना विचारलं, आत्याबाई, संध्याकाळी भाजी कुठली करू?

"तुला आवडंल ती कर," म्हणाल्या.

मला काय आवडतं, ते पटकन आठवेना.